उजवीकडे वळणारी काता

४ ऑगस्ट, रविवार

नगरला येऊन पाच दिवस झाले. एम.एस्सी.चे वर्ग सुरू झाले, मेसचा डबा लागला, खोलीतल्या नळाला पाणी कधी येतं तेही कळलं. कराटेचा क्लास मात्र अजून मिळालेला नाही, आणि मी इथे निम्मी त्यासाठीच आले आहे. आईला हे सांगितलेलं नाही. तिच्या मते मी केमिस्ट्रीसाठी आले.

खर्ड्याहून निघताना गोरक्ष सर म्हणाले, "पंकजा, ब्राऊनपतुर आनलं तुला. फुडचा पट्टा माज्या हातात न्हाई. नगरात चांगली शाळा बघ. आन् दर रविवारी हिकडं पळत यिऊ नको."

मी म्हटलं, "दसऱ्याला ब्लॅक बेल्ट बांधूनच येते की नाही बघा." आमच्याकडे पट्टे दसऱ्यालाच मिळतात. सर शिंपी आहेत. खंडेनवमीला शिलाई मशीन आणि कात्री पुजतात, त्याशेजारी आमचे नवे पट्टे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यामागच्या पटांगणात वाटतात. पट्टेही तेच शिवतात, ड्रेसही तेच. मी हे बोलले तेव्हा ते माझ्या बॅगेचा उसवलेला बंद शिवत बसले. निदान 'शाब्बास' तरी म्हणायचं.

खोलीत सोबत राहात्याची निकिता आहे. तिच्या घरची पेरूची बाग आहे, त्यामुळे खोलीला कायम पेरूचा वास. तिने विचारलं, काता म्हणजे काय. मी सांगितलं, समोर शत्रू आहे असं धरून एकट्याने, ठरलेल्या क्रमाने करायचे वार आणि बचाव. ती म्हणाली, "म्हणजे भांडण, पण समोर कुणी नाही." हिच्यासोबत दोन वर्षं काढायची आहेत.

७ ऑगस्ट, बुधवार

सावेडीतला एक क्लास पाहिला. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरतो. मागे लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या आणि त्यांवर मुलांच्या आया बसलेल्या. सगळी मुलं माझ्या कमरेएवढी. तिथल्या सरांनी मला पाहून पहिला प्रश्न विचारला, "पोलीस भरती का?" मी म्हटलं नाही. "मग क्रीडा आरक्षणाचं प्रमाणपत्र पायजे असंल." तेही नाही म्हटल्यावर त्यांना मी कशाला आले हेच कळेना. मला शिकायचंय, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी आयांकडे पाहिलं, आयांनी माझ्याकडे.

मग म्हणाले, पहिली काता दाखवा. मी अगदी मन लावून केली. संपवून वाकले तर पुढच्या रांगेतली संस्कृती नावाची सात वर्षांची मुलगी मोठ्याने म्हणाली, "ताईंनी सगळी उलटी केली."

सगळा हॉल हसला. सर म्हणाले, "बरोबर हाय तिचं. काता डावीकडं वळून सुरू होती, तुमी उजवीकडं वळलात. आन् ड्रेसबी उलटा घातलाय, डावी बाजू वर पायजे."

नऊ वर्षं मी उजवीकडे वळते आहे. खर्ड्याची तीस पोरं उजवीकडे वळतात. दात पडलेल्या पोरीकडून शिकायला मी नगरला आलेली नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

निकिताने यूट्यूबवर तीच काता शोधून दाखवली. जपानी माणूस डावीकडे वळतो. मी तिला समजावलं की मोबाईलचा कॅमेरा सगळंच उलटं दाखवतो, आपण सेल्फी काढतो तेव्हा मागची दुकानाची पाटी उलटी येते तसं. ती म्हणाली, "मग त्याच्या मागे भिंतीवर लिहिलंय ते पण उलटं असेल?" ते जपानीत होतं. सुलटं कसं दिसतं ते मला काय माहीत.

११ ऑगस्ट, रविवार

सरांना फोन केला. म्हटलं, तुमच्या गुरूंचं नाव सांगा, म्हणजे त्यांच्याच परंपरेतली शाळा शोधते. इथे भलतंच काहीतरी शिकवतात.

सर म्हणाले, "गुरू मुंबईचे हुते. आता काय त्यांचा पत्ता न्हाई."

"नाव तरी?"

"शाळेच्या गनवेशाची ऑर्डर हाय, पंकजा. मागनं बोलू."

हे असंच. नाव विचारलं की गणवेश, स्पर्धेचं विचारलं की गणवेश. नऊ वर्षांत सरांनी आम्हाला एकाही स्पर्धेला नेलं नाही. स्पर्धा म्हणजे प्रमाणपत्रांचा बाजार, असं म्हणतात, आणि मला त्यांचं ते तत्त्व पटतं. पण तत्त्व असलं म्हणून गुरूचं नाव सांगायला काय होतं? हट्टी माणूस. दुकानाच्या कोपऱ्यात जुना टीव्ही आणि खाली कॅसेटचं यंत्र आहे, दोन्ही बंद, वर अस्तराचं कापड झाकलेलं. भंगारवाला दर दिवाळीला दारात येऊन परत जातो. तेही देत नाहीत.

१८ ऑगस्ट, रविवार

दुसरा प्रयत्न. 'युवतींसाठी स्वसंरक्षण प्रशिक्षण, मोफत' असा फलक चौकात लागला होता. फलकावर अकरा पुरुषांचे फोटो, युवती एकही नाही. तरी काल गेले.

दीड तास भाषणं झाली. मी ड्रेस घालून गेले होते ही माझी चूक. एका कार्यकर्त्याने मला पाहिलं आणि थेट स्टेजवर नेलं. "ताई, साहेबांवर हल्ला करायची अॅक्शन करा, साहेब हात धरतील." मी म्हटलं, प्रशिक्षण मुलींना आहे ना, मग हात साहेब का धरणार? तो म्हणाला, फोटोसाठी. साहेबांनी माझं मनगट इतकं ढिलं धरलं की ते सोडवायला लाज वाटली. मग प्रत्येकीला एक टोपी, एक वडापाव आणि संपलं.

फोटो आज पेपरच्या आतल्या पानावर आलाय. आईने पाहिला आणि चाळीस जणांना पाठवला. तिला वाटतं, मी क्लास शोधला आणि पहिलीही आले.

१ सप्टेंबर, रविवार

भिंगारला आप्पासाहेब म्हणून निवृत्त सुभेदार आहेत, ते शिकवतात असं विभागातल्या शिपायाने सांगितलं. घरामागे पत्र्याची शेड, खाली शेणाने सारवलेली जमीन. आठच विद्यार्थी, सगळे मोठे. कुणी भरतीचं विचारलं नाही, कुणी प्रमाणपत्राचं विचारलं नाही. मी मनात म्हटलं, सापडली एकदाची शाळा.

काता केली. आप्पासाहेब एकदा समोरून बघत होते, मग बाजूने फिरून बघायला लागले. मग म्हणाले, "परत कर." परत केली.

"एकबी ठोसा वाकडा न्हाई," ते म्हणाले. "कंबर बरोबर, पाय बरोबर, नजर बरोबर. फक्त पहिल्यापासनं शेवटपतुर उलटी हाय. कुनाकडं शिकलीस?"

"गोरक्ष सर. खर्डा."

"आन् ते कुनाकडं?"

"मुंबईच्या गुरूंकडे."

"नाव?"

मी पट्ट्याची गाठ नीट करायला लागले. त्यांनी आणखी एक विचारलं. "तुजे सर शिकवताना तोंड कुठं करत्यात?"

"आमच्याकडे पाठ करतात. त्यांच्या मागे उभं राहून आम्ही बघून करतो. शिस्त आहे आमच्याकडे," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

ते उठले. मग आत जाऊन स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले, "पांढऱ्या पट्ट्यापासनं सुरू करावं लागंल, बाळ. वरीस-दीड वरसात ब्लॅकपतुर नेतो."

मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या चहाचा जास्त राग आला. कोणी वारल्यावर घरी आलेल्यांना देतात तसा दिला. चहा न पिता उठले. नगरमध्ये एकजण कधीतरी चुकला असणार आणि बाकी सगळे त्याच्याकडूनच शिकले असणार. एवढं साधं कुणाच्या लक्षात येत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

यावर एकच उपाय. आज परत भिंगारला गेले, आप्पासाहेबांच्या विद्यार्थ्यांची काता मोबाईलवर घेतली. त्यांनी हरकत घेतली नाही. खोलीवर येऊन सरांना पाठवली आणि खाली लिहिलं: 'सर, इथे सगळे असं उलटं करतात आणि आपल्याला चूक म्हणतात. मी रोज तुमच्यासाठी भांडते आहे. तुम्ही एकदा सांगा कोण बरोबर, म्हणजे मी त्यांना तोंडावर दाखवते.'

३ सप्टेंबर, मंगळवार

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

अजून नाही. शिक्षक दिनाच्या शुभेच्छा पाठवल्या, त्यालाही नाही. इतर वेळी सर हात जोडल्याचं चित्र तरी पाठवतात. मी इथे त्यांची बाजू लढवते आहे आणि त्यांना एक ओळ लिहायला फुरसत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

वर्गात सध्या रेणूंच्या आरशातल्या प्रतिमा चालू आहेत. प्राध्यापकांनी पूर्ण तास स्वतःचे दोन हात हवेत धरून दाखवले, डावा आणि उजवा, दिसायला सारखे पण एकमेकांवर बसत नाहीत. हे काय एम.एस्सी.ला शिकवायचं? बालवाडीतलं पोरही सांगेल.

संध्याकाळी आईचा फोन. गौरींच्या तयारीचं बोलता बोलता म्हणाली, "तुज्या सरांला काय झालंय गं? चार दिस झालं पोरांची शाळा बंद हाय. पोरी आमच्या दारात यिऊन विचारत्यात. दुकानाचं शटर निम्मं लावून आरशापुढं उभा ऱ्हातो म्हनं, हातात मोबाईल. छबूबाई ब्लाऊज आनायला गेली तर तिनं हाक मारली तरी त्याला ध्यान न्हाई."

म्हणजे मोबाईल बघायला वेळ आहे. मला उत्तर द्यायला नाही. शिवाय शाळा बंद. मी इथे आले म्हणून तिकडे सगळं सोडून द्यायचं का? चिडून मी आईवरच डाफरले.

१५ सप्टेंबर, रविवार

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच फसवीन.

दुपारी पाणी आलं नाही, निकिता कंटाळली होती. म्हणाली, "तुझं ते एकटीचं भांडण शिकव." गच्चीवर गेलो. मी तिच्यासमोर तोंड करून उभी राहिले, कारण पाठ केली की ती टंगळमंगळ करते. म्हटलं, मी करते तसंच्या तसं कर.

मी उजवीकडे वळले. ती डावीकडे वळली.

"उलटं करतेस," मी म्हटलं.

"उलटं कसं? तू टाकीकडे वळलीस, मी पण टाकीकडे वळले. तू दिसतेस तशीच तर करतेय."

"पुन्हा."

पुन्हा तेच. मी थांबले नाही, पुढे करत गेले आणि ती माझ्यासमोर आरशासारखी करत गेली. पहिलीच वेळ, पाय वेडेवाकडे, पण काता तीच होती. संस्कृतीची. आप्पासाहेबांची. यूट्यूबवरच्या जपान्याची. निकिता, जिला ठोसा कसा मारायचा तेही येत नाही, ती बरोबर करत होती आणि नऊ वर्षं घासून मी उलटी.

मी गच्चीवरच बसले. ती विचारत होती, चक्कर आली का. मला सरांच्या दुकानातला कोपरा दिसत होता. झाकलेला टीव्ही. त्याच्या खालचं यंत्र. टीव्हीतल्या माणसाचं तोंड बघणाऱ्याकडेच असतं.

मुंबईचे गुरू.

आणि मी त्यांना तो व्हिडिओ पाठवला. वरून लिहिलं, कोण बरोबर ते सांगा.

१६ सप्टेंबर, सोमवार

राग येतोय. सरांचा येतोय, माझा येतोय, त्या व्हिडिओचा येतोय. नऊ वर्षं पहाटे पाचला उठून मी एका कॅसेटची सावली शिकत होते. ज्याला माहीत नाही त्याने शिकवायचंच कशाला?

२२ सप्टेंबर, रविवार

भिंगारला गेले. आप्पासाहेबांना म्हटलं, पांढऱ्यापासून सुरू करते. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणजे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. तो चहा त्याचाच होता.

सुरुवात डावीकडून. प्रत्येक वेळी शरीर आपलं आपण उजवीकडे जातं, मग मी त्याला ओढून आणते. संस्कृतीसुद्धा मला हसली असती. एका तासात मी चौदा वेळा चुकले.

जाताना आप्पासाहेब म्हणाले, "तुज्या सरांला एकदा भेटायचंय."

"कशाला? बोल लावायला?"

"टीव्हीकडं बघून शिकलेला मानूस एवढा सरळ ठोसा शिकवतो, त्याला बघायचंय. माज्याकडं जपानला जाऊन आलेले मास्तर हुते, त्यांच्या निम्म्या पोरांची कंबर हालत न्हाई."

मला हे बरं वाटलं. बरं वाटलं याचाही राग आला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खर्डा

खंडेनवमी. दुपारी सरांच्या दुकानात गेले. मशीनला झेंडूची माळ, कात्रीला हळदकुंकू. शेजारी दरवर्षी पट्टे असतात, आज नव्हते. सर खाली बसून गणवेशाला काजं करत होते. दोन महिन्यांत म्हातारे झालेत असं वाटलं. किंवा मी याआधी नीट पाहिलं नसेल.

काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. ऐनवेळी तोंडातून निघालं ते एवढंच, "कॅसेट दाखवा."

त्यांनी अस्तराचं कापड काढलं. कॅसेटला कव्हर नव्हतं, चिठ्ठी नव्हती.

"ष्टँडजवळ व्हिडिओ सेंटर हुतं, तितं मी कामाला हुतो," सर म्हणाले. "कुनीतरी मुंबईवाला ठिवून गेला, परत आलाच न्हाई. दुपारचं गिऱ्हाईक नसायचं. लावायचो आन् त्याच्याम्होरं उभा ऱ्हायचो. चार वरसं. त्याचं नावबी मला ठाव न्हाई, पंकजा. पन खोटं शिकवायचं म्हनून न्हाई शिकवलं. मला खरंच वाटलं, त्यो मानूस करतो तसंच करतुया."

"मग माझा व्हिडिओ आला तेव्हा फोन का नाही केला?"

"काय सांगू? तू लिवलं हुतं, माज्यासाठी भांडतीस."

मी नऊ वर्षांचं सगळं बोलले. स्पर्धा का नाही, गुरूंचं नाव का नाही, ब्राऊनपर्यंत का आणलं. मोठ्याने बोलले, बाहेर लोकांनी ऐकलं असेल. सर कॅसेट पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "महिना झाला आरशाम्होरं सुलटी करतूय. गुडघा ऐकत न्हाई, डोकं ऐकत न्हाई. पन्नाशी आली. मधी शाळा परत सुरू केली, पन उद्या पोरांला सांगतो आन् कायमची बंद करतो. नवी सहा पोरं आल्यात, त्यांचं तरी नुकसान नको."

मला वाटलं होतं, हे ऐकून मला समाधान वाटेल. वाटलं नाही. किल्ल्यामागचं पटांगण रिकामं दिसायला लागलं. सकाळी सहाला तिथे तीस पोरं असतात, त्यातल्या निम्म्यांचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातील आणि ती आजीजवळ राहतील. त्यांना उठवायला दुसरं कोण आहे?

रागातच म्हटलं, "बंदबिंद काही करायचं नाही. एक पांढरा पट्टा शिवून ठेवा. मला लागणार आहे."

त्यांनी लगेच मापाला टेप घेतली. माझ्या कमरेचं माप त्यांना पाठ आहे, तरी घेतली.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी सहाला सगळे पटांगणात होते. सरांनी मला पांढरा पट्टा दिला. मी ब्राऊन सोडून तो सगळ्यांसमोर बांधला, तेव्हा मोठ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सर बोलले. फार नाही, चार वाक्यं. कॅसेटचं सांगितलं, उलटं सांगितलं, चूक माझी हाय म्हणाले. कुणी हसलं नाही. एका मोठ्या पोरीने विचारलं, "मग आता आमी काय करायचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे होतं, महिनाभर गच्चीवर आणि भिंगारच्या शेडमध्ये चुकून चुकून मिळवलेलं. म्हटलं, मोठ्यांनी माझ्यासोबत उलटायचं, महिन्यातून दोन रविवार मी येते. त्रास होईल, शिव्या द्याल, द्या. आणि नव्या सहा पोरांना सरच शिकवतील.

"मला सुलटी येत न्हाई," सर हळू म्हणाले. "कालच सांगितलं तुला."

"सुलटी करूच नका. नेहमीची करा. फक्त तोंड इकडे करा."

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते पोरांपुढे आले. मग सवयीने पाठ करून उभे राहिले, मग लक्षात येऊन वळले. सहा पोरं समोर रांगेत. मी सांगितलं, सर दिसतात तसंच करायचं.

सर उजवीकडे वळले. सहाही पोरं डावीकडे वळली.

शेवटपर्यंत एकदाही चुकली नाहीत. मी पांढरा पट्टा बांधून बाजूला उभी होते आणि सरांकडे बघत होते. नऊ वर्षांत काता करताना मी त्यांची पाठच पाहिली होती. ते प्रत्येक ठोशाला खालचा ओठ दाताखाली धरतात, सुईत दोरा ओवताना धरतात तसाच. मीही धरते. निकिता मला त्यावरून चिडवते.